गिरणीवरचं न्यायालय

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त वाचकांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, तळेगाव दाभाडे येथे स्टेशनाजवळच्या पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर भरणारे न्यायालय आता कायमचे बंद झाले आहे. न्यायालयाचे एकमेव न्यायाधीश ठणठणीत आहेत. त्यांच्यावर कोणताही ठपका नाही. त्यांच्या जागी संगणकाचा एक प्रोग्राम बसला आणि तो त्यांच्यापेक्षा शहाणा निघाला, एवढेच.

न्यायाधीश म्हणजे मी.

आता सॉफ्टवेअरच्या ऑफिसात न्यायालय कशाला, ते सांगतो. खाली गिरणी, वर आम्ही. ज्वारी दळायला आली की आमची टेबलं थरथरतात, गहू असला की जरा कमी. लोणावळ्याचे बंगले आणि कार्ल्या-भाज्याकडची घरगुती मुक्कामाची ठिकाणं, यांच्या खोल्यांचं बुकिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कोण कधी येणार, कुठल्या खोलीत उतरणार, पिठलं-भाकरी किती जणांची, चिकन किती जणांचं. मी पूर्वी एका कारखान्यात तपासनीस होतो, लोखंडाचे भाग मापात आहेत का ते बघायचो. इथेही तपासनीसच आहे, फक्त लोखंड सुटलं. प्रोग्रामरांनी केलेलं काम मोडून दाखवायचं, हा माझा धंदा. त्यासाठी सोंगं घ्यावी लागतात. सकाळी मी अंधेरीचं भलंमोठं एकत्र कुटुंब असतो, दुपारी नवं जोडपं असतो (दोघंही मीच), आणि चहानंतर बुकिंग रद्द करून वर तक्रार करणारा तिरसट निवृत्त अधिकारी. गावच्या हौशी नाटकांत ज्या भूमिका मला कुणी दिल्या नाहीत, त्या सगळ्या मी या खुर्चीत बसून करून घेतल्या.

प्रोग्राम म्हणजे शेवटी लिखाणच, ओळींमागून ओळी. एकाच वेळी दोघं-तिघं त्यावर काम करतात, पण प्रत्येकाकडे आपली स्वतंत्र प्रत असते. मग या प्रती पुन्हा एक करायच्या. हे काम करणारंही एक सॉफ्टवेअर असतं, आणि इतकी तल्लख स्मरणशक्ती मी आमच्या थोरल्या आत्याखेरीज कुणात पाहिलेली नाही. कुठली ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, त्याआधी तिथे काय होतं, त्याच्याही आधी काय होतं, सगळं पोटात. तुम्ही वरचा भाग बदललात आणि मी खालचा, तर ते दोन्ही बदल बिनबोभाट जोडून मोकळं होतं. पण एकाच ओळीवर दोघांनी हात टाकला की थांबतं. दोघांच्या ओळी एकीखाली एक मांडतं आणि म्हणतं, आता तुमचं तुम्ही बघा. याला जगभर मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात. आमचे आबा म्हणतात, बांधाचं भांडण.

"दोगांची खाचरं, मदी येक बांध," आबांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "ह्यो हिकडनं कोरतो, त्यो तिकडनं कोरतो. शेवटाला बांधच ऱ्हात न्हाई. ह्ये बी तसंच."

आबा कार्ल्याचे. डोंगराच्या पायथ्याला त्यांची भाताची खाचरं आहेत. भातलावणीसाठी रजा टाकणारा सीनियर प्रोग्रामर मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या सॉफ्टवेअरचा पाया त्यांनी घातला. वयानं माझ्याहून थोडेच मोठे, पण आवाज, मिशी आणि मतं या तिन्हींच्या आकारामुळे सगळ्यांचे आबा.

तर न्यायालय या आबांमुळेच स्थापन झालं. पूर्वी एक प्रोग्रामर होता. त्याची आणि आबांची ओळ एकमेकांवर आली की असा दंगा व्हायचा की एकदा खालचा गिरणीवाला गिरणी बंद करून वर आला आणि म्हणाला, "मारामारी असंल तर सांगा, मी सोडवतो. नसंल तर जरा हळू." त्या दिवशी आमच्या मॅडमनी, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंनी, फर्मान काढलं. इथून पुढे असं काही आलं की दोघांनी माझ्या टेबलापुढे उभं राहायचं, आपापली बाजू मांडायची आणि मी सांगेन ते ऐकायचं.

"मॅडम, मला त्या ओळींतलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर भाऊ तुम्ही. तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही."

मी ते काम जीव ओतून केलं. हातोडा म्हणून स्टेपलर आपटायचो. दोन्ही बाजू ऐकून एकच प्रश्न विचारायचो, "यानं पाहुण्याचं काय होईल?" आणि ज्याचं उत्तर बरं वाटेल त्याच्या बाजूनं निकाल. आबा मला जजसायब म्हणू लागले. निकाल विरुद्ध गेला की त्याच तोंडानं बरंच काही म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे तो प्रोग्रामर पुण्याला गेला आणि त्याच्या जागी ताई आल्या. मुक्काम भाजे. वयानं तिशीच्या थोड्या पुढे. पण पहिल्याच दिवशी आबांनी तक्रार केली म्हणून त्यांनी आबांच्या संगणकातला असा एक जुनाट दोष काढून दिला की सगळं ऑफिस त्यांना ताई म्हणू लागलं, वय कुणी विचारलं नाही. आधी त्या हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत होत्या. दिवसाची दोन्ही टोकं वाहनं बदलण्यात जायची. इथे मळवलीला गाडीत बसलं की तळेगाव आलंच. भाज्यात त्यांच्या आईनं घरातल्या दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. ताई उजेडी घरी पोचत असल्या तरच त्या खोल्या चालणार होत्या. आईचे गुडघे एकटीला झेपू देत नव्हते.

मॅडमनी त्यांना दिवाळीपर्यंत बोलीवर घेतलं होतं. जमलं तर कायम, नाही तर राम राम.

"काका, इथलं नाही जमलं तर पुन्हा ती हिंजवडीची बस," ताई एकदा जिन्यात मला म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि भराभरा वर गेल्या. ताईंचं बोलणं असंच, तोलून-मापून.

ताई आल्यापासून माझं न्यायालय फार सुरळीत चाललं. आबा आणि ताई समोर उभे राहायचे. मी स्टेपलर उचलायचो. आबा मिशीला हात घालून बाजू मांडायला लागायचे, आणि ताई म्हणायच्या, "राहू द्या काका. आबांचंच ठेवू."

"अगं पण तुझं काय ते तरी सांग."

"काही विशेष नाही. आबांचं ठेवा."

आबा खूश. "पोरगी गुणाची हाय," म्हणत जागेवर जायचे. मी तडजोड मंजूर करून स्टेपलर आपटायचो. आपल्याकडे मोठ्या माणसानं लिहिलेलं समोर खोडत नाहीत. लग्नपत्रिकेत चुलत्यानं चुकीचं गाव छापून आणलं तरी आपण ते गाव शोधत जातो, पण चुलत्याला सांगत नाही.

मग एके दिवशी ताई मॅडमपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हे न्यायालय बंद करता येईल.

मी खुर्चीतच ताठ झालो. ताईंनी मला समजावलं, आणि मी कबूल केलं पाहिजे, ऐकता ऐकता मी न्यायासन विसरून चक्क टाळी दिली. आजवरचं प्रत्येक भांडण त्या आत्याबाईसारख्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहेच. आधी ओळ काय होती, आबांनी काय केली, दुसऱ्यानं काय केली आणि शेवटी काय ठरलं. ताई एक प्रोग्राम लिहिणार होत्या. तो ही सगळी जुनी भांडणं वाचणार, आपण ती कशी मिटवत आलो ते शिकणार, आणि नवं भांडण आलं की स्वतःच मिटवणार. माणसानं मध्ये पडायलाच नको.

"करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "हे चाललं तर आपण दिवाळीची वाट बघायची नाही."

कायम म्हणजे कायम. ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी कामाला सुरुवात केली, आणि पुढचे कितीतरी दिवस डब्यातली भाकरी त्यांनी स्क्रीनकडे बघतच खाल्ली.

पहिला प्रयोग मॅडमच्या समोर झाला. आबांच्या आणि ताईंच्या बऱ्याच दिवसांच्या वेगवेगळ्या प्रती एकत्र करायच्या होत्या. एरवी माझ्या न्यायालयात दोन दिवसांची सुनावणी लागली असती. ताईंनी कळ दाबली. खाली गिरणीत कुणाचा तरी डबा दळणाला चढला, आणि तो खाली उतरायच्या आत सगळं जुळून तयार होतं. एकही अडखळ नाही. मॅडमनी "वा!" म्हटलं. मी उभा राहून नाटकातल्यासारखं वाकून मुजरा केला. आबासुद्धा म्हणाले, "लय भारी काम हाय."

मग मी माझ्या धंद्याला लागलो. अंधेरीचं कुटुंब होऊन मी बुकिंग केलं. आधीचे पाहुणे निघाले, आणि दुसऱ्या क्षणाला सॉफ्टवेअरनं मला त्यांच्याच खोलीत घातलं. त्यांच्या उशा चुरगळलेल्या, त्यांच्या चहाचे कप खिडकीत, आणि मी लेकराबाळांसह दारात. ताईंनी 'झाडलोट झाली' असं एक बटण केलं होतं. घरच्या बाईनं ते दाबल्याशिवाय खोली पुढच्याला मिळायचीच नाही, अशी सोय. ते बटण गायब. मी पुढे शोधत गेलो. ताईंनी केलेली जी जी गोष्ट आबांच्या कामाला कुठेतरी शिवत होती, ती ती गेलेली. जणू ताई या ऑफिसात कधी आल्याच नव्हत्या.

"यात ताईंचं काहीच दिसत नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

ताईंनी प्रोग्रामला प्रत्येक निर्णयाचं कारण लिहायला शिकवलं होतं. त्यांनी ती कारणं उघडली. आबांची ओळ म्हणून ठेवली. आबांची ओळ म्हणून ठेवली. आबांची ओळ म्हणून ठेवली. खालपर्यंत तेच. प्रोग्रामनं आमचा सगळा इतिहास मन लावून वाचला होता, त्यात ताई आल्यापासूनचीच प्रकरणं जास्त, आणि त्यातून एकच कायदा काढला होता: आधी बघा कुणाचं आहे.

"यंत्र शानं हाय," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. "मला एक आबा पुरतात. दुसरा बसवून घ्यायचा नाहीये."

ताई स्क्रीनकडेच बघत होत्या. "त्याचं चुकलं नाही मॅडम. मी दाखवलं तेच त्यानं केलं."

"शुक्रवारी लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना दाखवायचंय. तोवर बघा काय होतंय. नाहीतर…" मॅडम थांबल्या. "नाहीतर मग बघू."

ते 'बघू' मी बरोबर ओळखलं. आपल्या भाषेत इतका सभ्य नकार दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या त्या माझ्यासाठी नवं काम घेऊनच. त्यांनी सगळी जुनी भांडणं पुन्हा काढली होती, आणि त्यांवरची नावं पुसली होती. अलीकडची ओळ, पलीकडची ओळ, बस्स. कुणाची कोणती, ते ना प्रोग्रामला कळणार, ना आम्हाला.

"काका, कोर्ट भरवा," त्या म्हणाल्या. "सगळे निकाल पुन्हा."

ते माझ्या न्यायालयाचं शेवटचं आणि सगळ्यात देखणं अधिवेशन. मी घरी जाऊन शाल आणली आणि खांद्यावर टाकली. आबा नको नको म्हणत बसले आणि पहिल्याच प्रकरणाला पेटले.

"ह्ये अलीकडचं कुनी लिवलंय? खोली रिकामी हाय का न्हाई ते बगायच्या आदी पावती फाडतंय! अक्कल काय बाजारात इकून आलावता का काय?"

मी स्टेपलर आपटला. "न्यायालयाचा अवमान करू नका. ताई, कुणाचं आहे हे?"

ताईंनी मूळ नोंद बघितली. ओठ घट्ट मिटले. "आबा… तुमचंच आहे."

"व्हय?" आबा चष्मा काढून पुसायला लागले. "जुनं असंल. तवा मला ताप व्हता."

मग मात्र गंमत चढत गेली. पुढच्या एका ओळीवर आबा शंका घेऊनच बसले, हे आपलंच असणार, म्हणून त्यांनी तिची तोंडभर स्तुती केली. ती निघाली ताईंची. त्याच्यापुढच्या एकीला त्यांनी नावं ठेवली नाहीत की स्तुती केली नाही, नुसतं "यानं पाहुण्याचं काय हुईल?" असं माझ्याच सुरात विचारलं. मी शाल सावरली. प्रश्न खरा होता, आणि आता तो तिघंही विचारत होतो. किती ठिकाणी तर कुणाचं ठेवायचं हा वादच उरला नाही, दोन्ही ओळी गुण्यागोविंदानं एकत्र नांदू शकत होत्या, आजवर कुणी त्यांना बसायला जागा दिली नव्हती इतकंच. ताई ऐकत होत्या, प्रत्येक निकालाचं कारण प्रोग्रामला देत होत्या. मात्र एक मी पाहिलं. नावं नव्हती तेव्हा ताई अगदी मोकळ्या बोलत होत्या. "हे साफ चुकीचं आहे," असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. ताईंनी कळ दाबली.

या वेळी तो प्रोग्राम सावकाश चालला, आणि त्याचं ते चालणं बघत राहावं असं होतं. एका ठिकाणी त्यानं आबांचा हिशेब ठेवला आणि त्यात ताईंची अट ओवली. दुसऱ्या ठिकाणी आबांची ओळ काढली आणि कारण लिहिलं, ही ओळ वर एकदा येऊन गेली आहे. तिसऱ्या ठिकाणी ताईंची काढली, कारण पाहुण्याला तेच दोनदा विचारलं जात होतं. झाडलोटीचं बटण आपल्या जागेवर परत आलं. तो कुणालाही भीत नव्हता आणि कुणाचा अपमानही करत नव्हता. मी आयुष्यात बरेच पंच पाहिलेत, क्रिकेटचे आणि भाऊबंदकीचे. इतका निर्मळ एकही नव्हता.

आणि शेवटाकडे येऊन तो थांबला. लिहिलं, असं प्रकरण मी आधी पाहिलेलं नाही. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. माणसानं ठरवावं.

मला तर तिथेच त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आपल्याला कळत नाही हे कळणारा न्यायाधीश! पण मॅडमच्या कपाळावर आठी आली, कारण हे नेमकं आदल्या दिवशीचं ताजं काम होतं, आणि त्यावर या वेळी नावं होती. वर आबा, खाली ताई. प्रश्न घाटातल्या गर्दीचा होता. शनिवारी एक्स्प्रेस वेवर गाड्या अडकल्या की पाहुणे वेळेवर पोचत नाहीत. आबांनी लिहिलं होतं, ठरलेली वेळ टळली की खोली दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यावी. ताईंनी लिहिलं होतं, आधी फोन लावावा, आणि फोन लागेपर्यंत खोली सोडू नये.

"मालकाचं नुकसान हुतंय की," आबा म्हणाले. "रिकामी खोली घिऊन काय करायचं?"

 मॅडम ताईंकडे बघत होत्या. आबाही ताईंकडे बघत होते, नेहमीच्या उत्तराची वाट बघत. मी सवयीनं स्टेपलर उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. ताईंचा हात माउसवर होता आणि बाण आबांच्या ओळीवर जाऊन थांबला होता. एक कळ दाबली की काम पूर्ण, सगळे खूश.

"न्हाई आबा," ताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ऑफिसात भाज्याची बोली मी कधी ऐकली नव्हती. "तुमचं चुकतंय. माझं ठेवा. घाटात फोन लागत न्हाई, मानसं येत असत्यात. मागं आमच्याच आळीत असं झालं. बाळ घिऊन आलेल्या बाईची खोली दुसऱ्याला दिली, ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिला काय सांगायचं, येळ टळली म्हणून?"

आणि बाण खाली आणून त्यांनी स्वतःची ओळ ठेवली. मॅडमना विचारलं नाही, मला विचारलं नाही.

गिरणी नेमकी त्याच वेळी बंद होती.  आबांचा चेहरा लाल झाला होता, मिशी हलत होती. मी मनातल्या मनात गिरणीवाल्याला हाक मारायची तयारी ठेवली.

मॅडमनी जुळलेलं काम वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. "चला, लोणावळ्याला मीच दाखवते. ताई, तुम्ही पण या. त्यांनी काही विचारलं तर तुम्हीच सांगायचं. आणि सोमवारी येताना तुमची कागदपत्रं आणा, कायमचं करून टाकू." दारापर्यंत जाऊन वळल्या. "हे यंत्र मी ठेवणारच होते. तुमचं मात्र आत्ता ठरलं."

ताईंना रडू येतंय की हसू, ते त्यांनाच कळत नव्हतं. पदरानं डोळे पुसावेत तर अंगात ड्रेस होता, म्हणून त्यांनी माझ्या खुर्चीवर पडलेली शाल ओढून पुसले. आबा अजून लॅपटॉप होता त्या जागेकडेच बघत होते. आम्हाला वाटलं, म्हातारा दुखावला. ताई त्यांच्याजवळ गेल्या, काही बोलणार इतक्यात आबांनी टेबलावर थाड्‌कन थाप मारली आणि खालच्या गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"आगं बये, मंग इतकं दिस गप कशापायी बसलीवतीस?"